गोटीसोड्याची गाडी आणि तिचे पुढले शॉकअप

गोव्यात भाषेचं आंदोलन पेटलं होतं त्या वर्षी आमच्या घरात रोज मराठीची बाजू घेऊन भांडण व्हायचं, आणि ते भांडण रोज कोकणीत व्हायचं. माझा नवरा कट्टर मराठीवाला. त्याच्याशी तोंडावर बोलताना मी ‘अहो’ म्हणते, पण इथे लिहिताना ‘तो’च म्हणणार, कारण ‘ते’ म्हटलं की तो मला गाडीखाली उताणा पडलेला दिसतच नाही. सभा असली की तो इस्त्रीचा सदरा घालून निघायचा आणि परत आल्यावर आईला सांगायचा, “आमची भास मराठी. दुसरी भास आमकां उलोवंकच येना.” त्याची आई तांदूळ निवडता निवडता विचारायची, “आनी आतां उलयतां ती खंयची?” म्हणजे, आत्ता बोलतोस ती कुठली? यावर तो तडक अंघोळीला जायचा.

मी मूळची डिचोलीजवळच्या मयेची. लग्न होऊन पेडण्यातल्या तुयेजवळच्या एका वाड्यावर आले. सासरचा धंदा गोटीसोड्याचा. लोक त्याला कारखाना म्हणायचे, पण कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, गॅसचा एक सिलिंडर, हाताने फिरवायचं एक यंत्र आणि मी. साधा सोडा, लिंबाचा आणि जिऱ्याचा असे तीन प्रकार. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कोल्हापूर-बेळगावकडची माणसं कामाला असायची, ती जेवणानंतर जिऱ्याचा सोडा मागायची. पेडण्याच्या बाजारातली दुकानं होती. आणि आठवड्यातून एकदा डिचोली आणि मये. मयेला माझ्या वडिलांचं छोटं दुकान होतं, त्यामुळे ती फेरी मी कधी चुकवायची नाही.

हा सगळा माल वाहायला एक पिकअप होती. ती आम्ही डिचोलीच्या एका खाण ठेकेदाराकडून जुनी घेतली होती. तारुण्य तिने खाणीच्या रस्त्यांवर घालवलं होतं आणि म्हातारपणी आमच्याकडे विश्रांतीला आली होती, पण आम्ही तिला काचेच्या बाटल्या वाहायला लावल्या. पत्र्याच्या सांध्यांतून अजून खाणीची लाल माती निघायची. ब्रेक मारला की तिचं नाक खाली जायचं, सोडला की वर यायचं, आणि मग ती बराच वेळ खालीवर होत राहायची. खड्ड्यातून गेली तर पुढच्या खड्ड्यापर्यंत हलत असायची.

मेस्त्री, म्हणजे गॅरेजवाला, आमच्यापासून फार लांब नव्हता. माझा नवरा आणि तो पहिलीपासून एका बाकावर बसलेले. एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. पण मेस्त्री कोकणीवाला निघाला. एके दिवशी चहाच्या हॉटेलात दोघांची जुंपली, भजी थंड झाली, चहावाल्याने दोघांनाही बाहेर काढलं, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. गॅरेज रस्त्यालाच लागून. तिथून गाडी नेताना माझा नवरा मान दुसरीकडे वळवायचा. गाडी चालवणाऱ्या माणसाने असं करणं बरं नव्हे, हे मी त्याला सांगायची. एकदा एका म्हशीनेही सांगून पाहिलं.

अशात आमच्या भागात मराठीची एक सभा ठरली. पणजीहून एक वक्ते येणार होते. सभेला सोडा फुकट द्यायचा असं माझ्या नवऱ्याने परस्पर जाहीर करून टाकलं. मी यंत्र फिरवून फिरवून हात दुखवून घेतले. पिकअपमधून क्रेट नेले. वाटेत आंदोलनवाल्यांनी रस्ता अडवायला टाकलेले दगड अर्धवट बाजूला केलेले होते, त्यांच्यावरून गाडी उड्या मारत गेली. मी पुढे बसले होते. मागे बाटल्या एवढ्या खडखडत होत्या की मला माझ्याच बांगड्यांचा आवाज येईना.

वक्ते उभे राहिले. पांढरंशुभ्र धोतर, रेशमी जॅकेट, चष्मा. पहिलीच दोन वाक्यं त्यांनी अशी काही टाकली की लोक सावरून बसले. मग घसा कोरडा झाला म्हणून त्यांनी मेजावरची बाटली घेतली, लाकडी बुचाने गोटी दाबली, आणि लिंबाचा सोडा कारंज्यासारखा उडून त्यांच्या तोंडावर, चष्म्यावर, जॅकेटवर आणि समोरच्या कागदांवर गेला. मग मागून कोणीतरी बोललं, “सोड्याकूय कोकणी जाय.” सोड्यालाही म्हणे कोकणीच हवी.

त्यानंतर ती सभा काही सावरली नाही. वक्ते चिकट हातांनी भाषण पुरं करून गेले. ही गोष्ट संध्याकाळच्या आत मेस्त्रीपर्यंत पोचली. तो गॅरेजमधल्या टायरवर बसून एवढा हसला म्हणे की टायरवरून खाली पडला. हेही संध्याकाळच्या आत आमच्यापर्यंत पोचलं.

नवऱ्याचं म्हणणं, मी गॅस जास्त भरला. मी म्हटलं, “गॅस रोजचाच आहे. बाहेर चला, दाखवते.” मी पिकअपच्या पुढे उभी राहिले, मडगार्डवर दोन्ही हातांनी सगळा भार टाकला आणि सोडला. चांगली गाडी एकदा वर येते आणि गप्प राहते. आमची मात्र मान डोलावत राहिली.

“बघा,” मी म्हटलं, “पुढले शॉकअप गेलेत. बाटल्या वाटेतच घुसळल्या जातात. मेस्त्रीकडे न्या.”

“त्याच्याकडे मी मेलो तरी जाणार नाही.”

“मग म्हापशाला न्या.”

पण म्हापशाला नेण्यातही त्याला माघार दिसायला लागली. लोक म्हणतील, मेस्त्रीला घाबरून म्हापशाला गेला. मग त्याने जाहीर केलं की शॉकअप बदलणं हे काही मोठं काम नाही, तो स्वतःच बदलेल. अशा रीतीने मराठी भाषेच्या सन्मानासाठी आमच्या गाडीचे शॉकअप घरच्या घरी बदलायचे ठरले.

म्हापशाहून तो नवे दोन शॉकअप घेऊन आला. चकचकीत काळे नळकांडे, वरून एक दांडा आत-बाहेर होणारा. गाडी खड्ड्यातून वर-खाली होते तेव्हा तिचं ते नाचणं आवरायचं काम हा दांडा आतल्या तेलाच्या जोरावर करतो. खोक्यात एक कागद होता, त्यावर कुठला भाग कशावर बसवायचा याचं चित्र होतं आणि खाली बारीक अक्षरात सूचना. सूचना इंग्रजीत होत्या. एवढं आंदोलन करून शेवटी तिसरीच.

रविवारी सकाळी कामाला सुरुवात झाली. अंगणात गाडी घ्यायला सासूबाईंनी साफ नकार दिला. “आंगण आत्तांच सारयलां. थंय लोखंड नाका.” म्हणून फणसाच्या झाडाखाली गाडी लावली. नवऱ्याने बनियन चढवली, डोक्याला पंचा बांधला. मागच्या चाकांना दगड लावले. जॅक लावून पुढचं उजवं चाक हवेत उचललं. मग चाकाचे नट सोडवायला पाना लावला आणि जोर केला. नट जागचा हलेना, चाक मात्र गरगर फिरलं. त्याने पुन्हा जोर केला. चाक पुन्हा फिरलं. त्याचा चेहरा असा होता की चाकाने त्याचा अपमान केलाय.

तेवढ्यात सोप्यावर, म्हणजे आमच्या पडवीतल्या बाकावर, कोणीतरी बसल्याचा आवाज झाला. पाहते तर मेस्त्री. स्वच्छ लेंगा, पायात चपला, तोंडात पान. रविवारी गॅरेज बंद असायचं. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं, कारण त्याच्या लहानपणापासून त्या त्याला पाणी देत आल्या होत्या, आणि असली भांडणं त्या जमेस धरत नव्हत्या.

“वयनी,” मेस्त्री मला म्हणाला, “तांका विचारा, चाक हवेत उखलून नट सोडयतात तें खंय शिकले?”

माझा नवरा दहा पावलांवर होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. तरी मी त्याच्याकडे वळून म्हटलं, “ते विचारतात, चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे असतात ना?”

“आयकलां,” तो म्हणाला. “ताका सांग, हांगा ताका कोणें आपोवंक ना.”

मी मेस्त्रीकडे वळले. “ते म्हणतात, तुम्हाला कोणी बोलावलं नाही.”

“तांका सांगा, हांव आवयक मेळूंक आयलां.” म्हणजे तो आईला भेटायला आला होता.

असा तो कार्यक्रम सुरू झाला. मी मधे उभी राहून कोकणीचं कोकणीत भाषांतर करत होते, माझी वाक्यं तेवढी इथे मराठीत लिहिली आहेत. मला दोन्ही बाजूंनी कोणी मानधन दिलं नाही.

गाडी परत खाली आली, नट ढिले झाले, गाडी पुन्हा वर गेली, चासीच्या खाली फणसाचा ओंडका लावला. चाक निघालं. आत शॉकअप दिसला. त्याच्या अंगावर तेल गळून त्यावर खाणीची माती बसून बसून त्याचा कातळ झाला होता. खालच्या बाजूला तो एका बोल्टने चाकाच्या आडव्या लोखंडी हाताला धरलेला, आणि वर त्याचा दांडा बॉनेटखालच्या पत्र्यातून बाहेर येतो, तिथे रबर, वॉशर आणि नट.

खालच्या बोल्टवर आणि वरच्या नटावर मी रॉकेल ओतलं. नवरा उजव्या बाजूला शिव्या घालत बसला होता, तोवर मी हळूच पलीकडे जाऊन डाव्या बाजूलाही वर-खाली रॉकेल ओतून आले. तिथे कोणी लक्ष देत नव्हतं. उजवीकडचा खालचा बोल्ट थोड्या वेळाने हातोड्याचे ठोके खाऊन निघाला. नवऱ्याने तो वर उंच धरून मला दाखवला, पण डोळे सोप्याकडे होते.

वरचा नट मात्र निघेना. गंजाने तो दांड्याला असा चिकटला होता की पाना फिरवला की नटाबरोबर दांडाच फिरायचा. दिवसभर फिरवा. खाली मी पक्कड घेऊन दांडा धरायला बसले, वर तो पाना फिरवत होता, पण दांडा तेलाने माखलेला, पक्कड घसरायची आणि माझी बोटं पत्र्यावर आपटायची.

“वयनी,” सोप्यावरून आवाज आला, “तांका सांगा, अशें जन्मभर घुंवडायलें तरी सुटचो ना. तापोवंक जाय.”

“ते म्हणतात, नट तापवायला हवा.”

“ताका विचार, तापोवपाक कितें आसा ताचेकडेन.”

मेस्त्री उठला आणि निघून गेला. मला वाटलं चिडला. पण तो परत आला तेव्हा त्याच्या हातात ब्लोलॅम्प होता, ती पितळी, स्टोव्हसारखी पंप मारून हातात धरायची बत्ती. त्याने ती पेटवली, निळी ज्योत सू सू करत निघाली, आणि त्याने ती बॉनेटखाली नटावर धरली. दोघंही पुरुष वाकून बघत होते. बोलत नव्हते, पण डोकी जवळजवळ चिकटली होती.

“ते रबर आहे ना तिथे?” मी विचारलं.

“वयनी, तुमी भियेव नाकात,” मेस्त्री म्हणाला.

“तिथे तेलही गळलंय.”

“तिका सांग, गप रावूंक,” माझा नवरा म्हणाला. हे तो मेस्त्रीला म्हणाला की मला, हे मला आजवर कळलेलं नाही.

आधी रबराचा वास आला. मग काळा धूर. मग रबर, त्याच्यावरचं तेल आणि तिथे जवळच मीच ओतलेलं रॉकेल असं सगळं एकदम पेटलं. बॉनेटखालून गुडघाभर ज्वाळा उठली. मेस्त्री ब्लोलॅम्प घेऊन मागे पळाला, माझा नवरा डोक्याचा पंचा काढून त्याने वारा घालायला लागला. आग विझवायला वारा घालणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

“बाल्दी हाडा,” सासूबाई ओरडल्या. पण विहीर मागच्या बाजूला होती आणि बाल्दी विहिरीत. शेडच्या दारात भरलेला क्रेट होता. मी एक बाटली घेतली, अंगठ्याने गोटी आत दाबली, बाटली जोरात हलवली आणि अंगठा जरा बाजूला करून फवारा आगीवर धरला. फस्स करून ज्वाळा बसली. पुन्हा उठली. मी दुसरी बाटली घेतली. तोवर सासूबाई आल्या आणि त्यांनी तिसरी घेतली. आम्ही दोघी सोडा मारत राहिलो आणि थोड्या वेळात बॉनेटखाली नुसती वाफ आणि लिंबाचा वास राहिला. साध्या सोड्याचा क्रेट जवळ असता तर बरं झालं असतं. लिंबाचा महाग पडतो.

मेस्त्रीच्या भुवया जरा आखूड झाल्या होत्या. मग माझ्या नवऱ्याने, करण्यासारखं दुसरं काही न सुचून, पाना उचलला आणि नटाला लावला. नट कट् करून सुटला आणि साखरेच्या डब्याच्या झाकणासारखा फिरत वर आला.

“पळे,” मेस्त्री म्हणाला, “हांवें सांगिल्लें मूं? तापयल्यार सुटता.”

“तापोवन न्हय,” माझा नवरा म्हणाला, “थंड पडलो म्हणून सुटलो. सोड्यान सुटलो.”

“सोड्यान? तुज्या सोड्यान एक भाशण बुडयलें, तें पुरो न्हय?”

“तुज्या बत्येन गाडी जळटाली.”

मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. हे दोघं थेट एकमेकांशी बोलत होते. मधे मी नव्हते. चहाच्या हॉटेलापासून पुंजवून ठेवलेलं सगळं आता बाहेर यायला लागलं. नटावरून गाडी मराठीवर गेली, मराठीवरून कोकणीवर, कोकणीवरून शाळेतल्या मास्तरांवर, आणि तिथून कोण कोणाच्या पाटीवरून उत्तरं चोरायचा यावर. दोघं फणसाच्या मुळावर बसले. बोटं नाचवून, एकमेकांच्या मांडीवर थापा मारून भांडत होते. मेस्त्री म्हणाला, “कोकणी ही गोंयची भास,” आणि नवरा म्हणाला, “मराठी ही आमच्या देवाधर्माची भास,” आणि दोघांचंही वाक्य ज्या भाषेत होतं तिला कोणी विचारलं नाही.

“आता हे दुपारपर्यंत उठत नाहीत,” मी म्हटलं.

सासूबाई म्हणाल्या, “तांकां उलोवंक जाय आशिल्लें. इतले म्हयने दोगांयचें पोट फुगलां.” मग त्यांनी पदर खोचला. “चेडवा, आतां कितें करुंक जाय तें सांग.”

जुना शॉकअप काढताना त्याच्यावरचे वॉशर आणि रबरं मी निघतील त्या क्रमाने केळीच्या पानावर मांडली होती. खोक्यातल्या कागदावरचं चित्रही तेच सांगत होतं. इंग्रजी मला फारशी वाचता येत नव्हती, पण चित्र कुठल्याच भाषेत नव्हतं. नवा शॉकअप उभा धरून त्याचा दांडा आत-बाहेर, आत-बाहेर केला. पहिल्यांदा तो हलका जात होता, मग हळूहळू जड होत गेला. आतलं तेल जागेवर बसत होतं. जुना शॉकअप मी गंमत म्हणून दाबून पाहिला. तो एकदम आत गेला आणि तिथेच राहिला. एवढ्याच्या भरवशावर आम्ही इतके दिवस बाटल्या नेत होतो.

उजव्या बाजूला नवा बसवायला घेतला तेव्हा दोघा पुरुषांना एकदम आठवलं की हे काम त्यांचं आहे. ते आले. दांडा वर ओढून पत्र्यातून काढणं, वॉशर, रबर, वर पुन्हा रबर, वॉशर, नट, हे दोघांनी मिळून केलं. म्हणजे एकजण करत होता आणि दुसरा ते चुकीचं कसं आहे हे सांगत होता. मग खालचा बोल्ट लावता लावता विधानसभेचा विषय निघाला आणि ते पुन्हा फणसाखाली गेले.

डावी बाजू आम्ही दोघींनी केली. चाकाचे नट आधी जमिनीवर ढिले केले. सासूबाईंनी व्हील पान्यावर पाय देऊन उभं राहूनच ते सोडवले. गाडी उचलली, ओंडका लावला, चाक काढलं. रॉकेलने सगळं मुरून बसलं होतं. मी खाली उताणी पडले आणि दांड्याभोवती गोणपाटाचा तुकडा गुंडाळून पक्कड धरली, म्हणजे घसरेना. वरून सासूबाईंनी पाना फिरवला. रगड्यावर जन्मभर वाटण वाटलेले हात होते ते. नट कुरकुरला आणि आला. त्याला बत्ती लागली नाही, सोडाही लागला नाही, भाषण तर नाहीच. गाडीच्या पोटाखालून मला फणसाची पानं, सासूबाईंच्या लुगड्याचा काठ आणि दूर दोन पुरुषांचे हलणारे पाय दिसत होते. मला फार बरं वाटत होतं. लग्न झाल्यापासून एवढा वेळ मला कोणी पाणी मागितलं नव्हतं.

नवा शॉकअप घातला. रबरं जरा फुगेपर्यंत वरचा नट आवळला, खालचा बोल्ट बसवला, चाक चढवलं. गाडी जमिनीवर उतरवून पुन्हा एकदा सगळं आवळलं. माझे हात कोपरापर्यंत काळे, सासूबाईंच्या कपाळावर कुंकवाशेजारी ग्रीसचं एक बोट. त्यांनी पाना पदराला पुसला आणि फणसाखाली ओरडल्या, “उठा रे आतां. गाडी जाली.”

“कशी जाली?” नवरा म्हणाला. “एक वट उरल्या.” एक बाजू राहिलीय, असं त्याला वाटत होतं.

“ती वट आमी केली.”

दोघेही येऊन वाकून बघून गेले. मेस्त्रीने बोल्ट हाताने हलवून पाहिला. त्यात खोट काढायला काहीतरी मिळावं म्हणून त्याने बराच वेळ घेतला. शेवटी म्हणाला, “बरें आसा. पूण रस्त्यार पळोवंक जाय.” म्हणजे रस्त्यावर काय होतं ते बघू.

दुपारी जेवून क्रेट भरले आणि मयेची फेरी काढली. मेस्त्री जेवायला होताच, तो सुटतो कसला. स्टिअरिंगला नवरा, मधे मेस्त्री, खिडकीशी मी. डिचोलीच्या रस्त्याला लागलो. पहिला खड्डा आला. गाडी खाली गेली, वर आली आणि गप्प बसली. माझा नवरा एवढा खूश झाला की दुसरा खड्डा शोधून त्यात त्याने मुद्दाम घातली. तिसऱ्याला मेस्त्री म्हणाला, “जाले मरे, परत गाडी मोडशी.”

डिचोली ओलांडली आणि टक् टक् असा आवाज यायला लागला. खड्डा आला की टक्. ब्रेक मारला की टक्.

“डाव्या वटेन येता,” नवरा लगेच म्हणाला. डावी बाजू म्हणजे आमची.

“वयनीन बोल्ट आवळूंक ना आसतलो,” मेस्त्री म्हणाला. दोघांचं कित्येक महिन्यांनंतर एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं.

मयेच्या तळ्याजवळ गाडी थांबवायला लावली. मी पाना घेऊन उतरले. साडी खोचून डाव्या चाकामागे वाकले, खालचा बोल्ट पाहिला, घट्ट. बॉनेट उघडून वरचा पाहिला, घट्ट. मग उजव्या बाजूला गेले. खालचा बोल्ट दोन बोटांनी फिरत होता. विधानसभेचा विषय निघाला तेव्हा तो अर्धाच आवळून राहिला होता.

मी रस्त्यावर आडवी पडले आणि आवळायला लागले. तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. त्यातल्या निम्म्या मला लहानपणापासून ओळखत होत्या. बोल्ट जाम झाल्याची खात्री करून मी उठून बसले तर समोर वडील उभे. दुकानातून आवाज ऐकून आले होते. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, केसांतल्या मातीकडे पाहिलं, मग गाडीत बसलेल्या दोन धडधाकट पुरुषांकडे पाहिलं.

“जावंयबापू,” ते म्हणाले, “तुमका बरें ना?”

जावयाने खाली उतरून सासऱ्यांना नमस्कार केला. मेस्त्री बाकी रस्ताभर खिडकीतून तळं बघत राहिला. मयेचं तळं सुंदर आहे, पण एवढं नाही.

दुकानात वडिलांनी पहिली बाटली उघडली. आम्ही तिघंही नकळत एकेक पाऊल मागे सरलो. गोटी आत गेली, मानेतून जरासा फेस आला आणि शांत झाला. वडिलांनी पेल्यात ओतून प्यायला आणि म्हणाले, “लिंबू कमी पडला.” ते खरंच कमी होतं. घाईत भरलेला क्रेट होता तो.

पुढच्या काही महिन्यांत कायदा झाला. कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. मेस्त्री म्हणाला आम्ही जिंकलो, माझा नवरा म्हणाला आम्ही हरलो नाही, आणि दोघांनी त्या दिवशी एकमेकांना चहा पाजला. चहावाल्याने यावेळी बाहेर काढलं नाही, पण भजी आधीच बांधून दिली. मग गोवा राज्य झालं. त्या दिवशी तुयेच्या वसाहतीतल्या कामगारांनी एवढा सोडा प्यायला की यंत्राचा पट्टा तुटला. तो मी बदलला.

गाडीखाली मात्र माझा नवरा परत कधी गेला नाही. त्याला कमरेचा त्रास सुरू झाला, असं तो सांगतो. मागले शॉकअप गेले तेव्हा मी म्हापशाला बसने गेले. दुकानदाराने मला वरून खालपर्यंत पाहून विचारलं, “मेस्त्री खंय आसा? तो येना?” मी म्हटलं, “आयल्या ती मेस्त्रीच.” त्याने पुन्हा एकदा पाहिलं आणि रबरांची जास्तीची जोडी पिशवीत टाकली.

सासूबाईंना त्या रविवारपासून एक नवीन खोड लागली. कुठेही जाताना त्या पुढच्या सीटवर बसायला मागायच्या. मागे बसवलं तर चालायचं नाही. देवळात जायचं असलं की गाडीत चढायच्या आधी मडगार्डवर दोन्ही हात टेकून भार टाकायच्या, सोडायच्या, आणि गाडी गप्प उभी राहिली की मगच पाय वर घ्यायच्या. वाड्यावरच्या बायकांना वाटायचं, म्हातारी गाडीच्या पाया पडते. काही जणी मग त्यांच्या मागोमाग हात लावून नमस्कारही करायला लागल्या. सासूबाईंनी त्यांना कधी अडवलं नाही. उलट एकीला म्हणाल्या, “नीट जोर काड गो. नुसतो हात लावन कांय कळना.”